‘नामंजूर’ म्हणजे शेवट नव्हे

बचत गटाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळल्या, बायका पांगल्या. ही एकटी मागे राहिली. कमरेला खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी तिनं काढली आणि त्यातून चार घड्यांचा एक पिवळा कागद माझ्यापुढे धरला. घड्यांवर तो इतका विरला होता की उलगडतानाच भीती वाटावी.

“ताई, इंग्रजीत हाय. जरा वाचून सांगा. ह्यात माझं नाव हाय का, एवढंच बघा.”

मला प्रश्नच कळला नाही. कागद तिच्या नवऱ्याच्या नावचा होता. लष्करातून आलेला, १९९२ सालचा. ही गोष्ट २०१४ ची. म्हणजे बावीस वर्षं तो कागद लुगड्यांच्या घड्यांत पेटीच्या तळाशी पडून होता.

मी बी. ए.ला मराठी घेतलेलं. सरकारी इंग्रजी मलाही दोनदा वाचावं लागलं. मजकूर चार ओळींचा. आपला आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतनाची मागणी नामंजूर करण्यात येत आहे. बस्स. खाली सही.

“तुमचं नाव कुठं नाही वहिनी,” मी म्हटलं. तिनं खाली पाहिलं. मग हळूहळू सारं बाहेर आलं.

पायगुण

आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा मुलखात मुलगा भरती झाला की पेढे वाटतात. हिचा नवरा १९८४ साली भरती झाला. धावण्यात पहिला, छाती भरलेली, डॉक्टरांनी डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत तपासून घेतलेला. १९८९ च्या मे महिन्यात लग्न झालं. १९९० च्या हिवाळ्यात उंच बर्फाळ सरहद्दीवर, रात्रीच्या पहाऱ्यावर त्याला पहिल्यांदा फिट आली. मग लष्करी इस्पितळ, पुन्हा कामावर, पुन्हा फिट. १९९१ साली मेडिकल बोर्डानं त्याला सेवेतून कमी करून घरी पाठवलं. आजाराचं नाव फेफरं, म्हणजे अपस्मार. अपंगत्व वीस टक्के.

नोकरी सात वर्षांची, त्यामुळे साधं पेन्शनही बसलं नाही. एकरकमी पैसे मिळाले ते विहिरीच्या मोटारीत आणि दवाखान्यात गेले. त्यातच हा नामंजुरीचा कागद आला. गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितलं, “सरकार म्हणतंय, हा आजार लष्करातला न्हाई.”

“मग सासूबाई म्हणाल्या, लष्करातला न्हाई म्हंजे घरचा. आमच्या घराण्यात कुनाला असलं न्हाई. मग घरात नवं कोण आलं हुतं? मीच की!”

सरकारच्या चार ओळींचा त्या घरात असा अर्थ लागला. पांढऱ्या पायाची म्हणून बोलणी, अंगारे-धुपारे, देवऋषी, अमावास्येचे उपास. फिट आली की कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. तो माणूस शुद्धीवर आला की शरमेनं कोपऱ्यात जाऊन बसायचा. ही दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायची. रोजगारावर दोन मुलं वाढवली. आणि बावीस वर्षं तिच्या मनात एकच शंका, सरकारी कागदात खरंच आपल्याबद्दल काही लिहिलं असेल का?

सासूला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. पोटचा धडधाकट पोरगा असा परत आला, त्याचं कारण त्या माउलीलाही हवंच होतं. कागदानं कारण दिलं नाही, म्हणून तिनं जवळ सापडलं ते धरलं.

शाबीत कोणी करायचं?

पेन्शनमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. कागद पाहून ते म्हणाले, “ताई, अगदी ह्याच आजाराचा निकाल सुप्रीम कोर्टानं गेल्या वर्षी दिलाय.”

तो निकाल धरमवीर सिंग यांच्या खटल्यातला, २ जुलै २०१३ चा. हा जवान १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि १९९४ साली अपस्मारामुळे बाहेर पडला. अपंगत्व वीस टक्के, आणि शेरा तोच, सेवेशी संबंध नाही. सुप्रीम कोर्टानं नियम वाचून जे सांगितलं ते कुठल्याही बाईला कळेल असं आहे. भरतीच्या वेळी तुम्हीच माणूस तपासून घेतलात. आजाराची नोंद तेव्हा केली नाहीत, तर तो निरोगी होता असंच धरायचं. पुढे नोकरीत तब्येत ढासळली तर ती नोकरीमुळे ढासळली असं मानायचं. तसं नसेल तर ते सरकारनं शाबीत करायचं, जवानानं नव्हे. भरतीच्या तपासणीत हा आजार सापडणं शक्य नव्हतं असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं मेडिकल बोर्डानं लेखी द्यायची.

हे ऐकून मी बसल्या जागी गप्प झाले. शाबीत करायची जबाबदारी जवानावरसुद्धा नव्हती, आणि इथं त्याची बायको बावीस वर्षं स्वतःला निर्दोष शाबीत करत होती!

बावीस वर्षांनी दाद मागता येते?

घरी सांगितलं तर आधी धाकट्या मुलानंच मोडता घातला. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आणि आता? मुदत कधीच संपली असणार.”

त्याचं अगदीच चूक नव्हतं. नामंजुरीविरुद्ध अपील सहा महिन्यांत करायचं असतं. लष्करी न्यायाधिकरणात अर्ज करायलाही शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांचीच मुदत आहे. पण उशिराचं कारण पटलं तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. आणि पेन्शनची गोष्ट वेगळी. ते दर महिन्याला मिळायला हवं, म्हणजे न मिळाल्याचा अन्यायही दर महिन्याला नव्यानं होतो. तरसेम सिंग नावाचे जवान १९८३ साली आजारपणामुळे सेवेतून बाहेर पडले आणि १९९९ साली हायकोर्टात गेले, सोळा वर्षांनी. २००८ साली सुप्रीम कोर्टानं त्यांचं पेन्शन उशिराच्या कारणावरून बुडवलं नाही. थकबाकी मात्र अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच दिली. म्हणजे उशिरानं हक्क जात नाही, पण पैसा जातो. जितका उशीर, तितकी झळ.

खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. कल्याण संघटकांनी बजावलं की, पेन्शन न मिळालेल्या सैनिकाचे कागद रेकॉर्ड ऑफिस पंचवीस वर्षंच ठेवतं, मग नष्ट करतं. १९९१ अधिक पंचवीस, म्हणजे २०१६. आमच्या हातात जेमतेम दोन वर्षं होती.

माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्यानुसार, अर्ज केला. जवानाच्या स्वतःच्या सहीनं. मागितलं ते दोनच गोष्टींसाठी, भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचे कागद आणि १९९१ च्या मेडिकल बोर्डाचे कागद. पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. माहितीच्या कायद्यातलंच अपील केलं, तेव्हा जाड पाकीट आलं.

ओसरीवर बसून मी ते वाचलं. भरतीच्या कागदावर सगळीकडे ‘ठीक’. बोर्डाच्या छापील फॉर्मवर एक प्रश्न होता, सेवेत येण्यापूर्वी हा आजार होता का? पुढे डॉक्टरांच्या हातचं उत्तर, ‘नाही’. पुढचा प्रश्न, सेवेमुळे झाला का? उत्तर, ‘नाही’. का नाही? त्या जागी एकच शब्द होता, ‘प्रकृतिजन्य’ अशा अर्थाचा. ना कारण, ना दाखला.

“ते पहिलं परत वाचा,” वहिनी म्हणाली.

मी वाचलं. येण्यापूर्वी आजार होता का? नाही.

“सरकारच्याच डाक्टरनं लिवलंय?”

“त्यांनीच.”

तिनं पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. उठून आत गेली आणि चहा ठेवला. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

मुंबईच्या फेऱ्या

आधी लष्कराकडेच अपील पाठवलं. मुदतबाह्य म्हणून ते परत आलं. मग २०१५ साली न्यायाधिकरण. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ साली. मुख्य पीठ दिल्लीला, पण महाराष्ट्र-गोव्याच्या माणसासाठी मुंबईत पीठ आहे. त्याआधी हायकोर्टात वर्षानुवर्षं तिष्ठावं लागायचं.

रात्रीच्या एस. टी.नं जायचं, सकाळी उतरून स्टँडवरच तोंड धुवायचं, बांधून नेलेली चपाती-चटणी खायची. नवरा सोबत, त्याच्या गोळ्या वहिनीच्या पिशवीत. सुनावणी पाच मिनिटांची, कधी नुसतीच पुढची तारीख. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

जानेवारी २०१७ मध्ये आदेश झाला. आजार सेवेमुळे झाला असं मानण्यात यावं. अपंगत्व वीस टक्के, ते पन्नास टक्के धरून निवृत्तिवेतन द्यावं, आणि अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांची थकबाकी.

वीसाचे पन्नास कसे, हे मलाही कोडं होतं. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारनं टप्पे ठरवले, १ जानेवारी १९९६ पासूनचे. आजारामुळे सेवेतून काढलेल्या जवानाचं अपंगत्व पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यापुढे शंभर. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हाच लाभ दिला. या पेन्शनचे दोन भाग असतात, एक सेवेचा, एक अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या तीस टक्के धरतात. म्हणजे वीस टक्क्यांना सहा टक्के, आणि पन्नास धरले की पंधरा टक्के. टप्प्यांमुळे एवढा फरक पडतो.

आदेश झाला तरी पैसे काही लगेच आले नाहीत. अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. २०१८ साली पेन्शनचा कागद, ज्याला पी. पी. ओ. म्हणतात, तो हातात आला.

आदेश मी त्यांच्या घरी मराठीत सांगितला. सासूबाई खाटेवर होत्या, ऐंशी उलटलेल्या, कान जड. मी मोठ्यानं म्हटलं, “आजार नोकरीत झाला, असं कोर्ट म्हणतंय. घरातल्या कुणामुळं नाही.” घरातल्या कुणामुळं नाही, हे कोर्टानं म्हटलं नव्हतं. ते माझंच. पण मी घातलं.

म्हातारी बराच वेळ आढ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मग इतकी वर्सं आपुन उगाच...” वाक्य तिनं पुरं केलं नाही. सुनेनं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

सगळं भरून आलं असं मी म्हणणार नाही. पोरांची शाळा सुटली ती सुटलीच. पण पेन्शन आलं तसं माजी सैनिकाचं ओळखपत्र आलं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत नाव लागलं, गोळ्या वेळेवर मिळू लागल्या. गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात राहतात, हे बावीस वर्षं त्या घराला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आता फिट आलीच तर वहिनी त्याला कुशीवर वळवते, डोक्याखाली काही मऊ सरकवते, तोंडात काही घालत नाही आणि घड्याळ बघते. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. कांदा आणि चप्पल बंद झाली.

मैत्रिणींनो, पेटी उघडा

हे सगळं लिहायचं कारण, असे विरलेले कागद अजून किती घरांत असतील याचा मला अंदाजच येत नाही. म्हणून अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

नवरा, वडील, सासरे, भाऊ, कुणी आजारामुळे किंवा जखमेमुळे लष्करातून लवकर घरी आला असेल तर त्याचा नामंजुरीचा कागद, डिस्चार्ज बुक, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, काही म्हणजे काही फेकू नका. लॅमिनेशनही करू नका, आधी झेरॉक्स काढा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच टाका. पंचवीस वर्षांची गोष्ट लक्षात आहे ना!

आजार मानसिक असेल तर लाजेपोटी लपवू नका. स्किझोफ्रेनियामुळे १९९८ साली बाहेर पडलेल्या एका जवानाच्या खटल्यात, मे २०२५ मध्ये, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, बोर्डानं कारणं दिली नसतील तर अशा कागदाच्या आधारे पेन्शन नाकारता येत नाही. हा जवान ज्या दिवशी घरी आला त्याच्याही घरी कुणीतरी ‘बायकोमुळं डोकं फिरलं’ म्हणालं असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मेडिकल बोर्डानं ‘सेवेमुळे’ असं लिहिलं असूनही पुढे हिशेबाच्या कार्यालयानं पेन्शन कापलं असेल, तर तेही तपासून घ्या. जवानाला पुन्हा न तपासता बोर्डाचं मत असं खोडता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९३ सालीच सांगितलेलं आहे.

नियम कुठले लागू, हेही विचारा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत. ते त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. आधीच्यांची प्रकरणं जुन्या नियमांनीच बघतात. थकबाकी किती वर्षांची, याचा निर्णय प्रत्येक प्रकरणात सारखा येत नाही, तेव्हा वकिलाला ताजे निकाल बघायला सांगा.

आणि ‘मिळालेल्या रकमेतले अर्धे द्या, काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात नसलं तरी जवळच्या जिल्ह्याचं तुमच्यासाठी काम करतं. विधवा असाल आणि स्वतः दाद मागणार असाल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न न विचारता.

प्रत्येक प्रकरण जिंकतंच असंही नाही. सुट्टीवर घरच्या कामात झालेला अपघात, ज्याचा नोकरीशी काडीचा संबंध नाही, तिथं कोर्टानं जवानांच्या विरुद्धही निकाल दिलेत. खोट्या आशेवर कुणी दागिने मोडू नयेत, म्हणून हेही लिहिलं. पण नामंजुरीचा कागद म्हणजे देवाचा कौल नव्हे. तो एका माणसानं लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या माणसाला तो तपासता येतो.

परवा वहिनीकडं गेले होते. पेटीत नव्या पी. पी. ओ.च्या खाली तो जुना पिवळा कागद तसाच आहे. म्हटलं, आता कशाला ठेवलाय?

“असू दे ताई,” ती म्हणाली. “उद्या सुना येतील. त्यास्नी वाचून दावायला.”